बोक्याचा अदमास

शर्वाणी नलावडे त्या आठवड्यात एकतिसाव्यांदा मेली. समोरचा पडदा पांढरा झाला, खुर्ची हादरली आणि कानात तोच कोरडा आवाज आला, "टिटवी नष्ट. चार मिनिटं अकरा सेकंद."

"कालच्यापेक्षा नऊ सेकंद जास्त जगलीस," काचेपलीकडून डॉक्टर निखत मुजावर म्हणाल्या. "प्रगती हाय की."

"पुन्हा लावा, आपा."

"चहा तरी घे आधी."

"पुन्हा लावा म्हटलं ना!"

निखतआपांनी वाद घातला नाही. त्या कोल्हापूरच्या, वयानं शर्वाणीपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. गेले चार महिने ही पोरगी रोज येऊन मरते आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त चिडून उठते, हे त्या पाहत होत्या.

अगस्ती हा तळ चंद्राच्या पलीकडल्या बाजूला, पृथ्वी कधीच दिसत नाही अशा जागी होता. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या बर्फासाठी युद्ध सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. एका बाजूला भूकक्षा दल, अगस्ती ज्याचा तळ होता ते, दुसऱ्या बाजूला चंद्रावरच्या मुक्त वसाहती. बर्फ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे श्वास आणि इंधन. अगस्तीवरची एकट्या माणसाची छोटी लढाऊ यानं, ज्यांना सगळे टिटव्या म्हणत, बर्फाच्या तांड्यांना सोबत करत. आणि त्या टिटव्यांना वसाहतींचा एकच वैमानिक एकेक करून टिपत होता. आतापर्यंत चौदा यानं, अकरा जीव. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. महादेव गायतोंडे नावाच्या मिस्कील गोंयकार वैमानिकानं त्याचं बारसं केलं होतं. "येताना चाहूल नाही, गेल्यावर दुधाचं भांडं रिकामं. बोकाच तो!"

बोक्याला मारायचं, हे अगस्तीवर दोघांनी मनावर घेतलं होतं. एक शर्वाणी, साताऱ्याकडची, तीन पिढ्या फौजेत घालवलेल्या घरातली. दुसरा जॉयल कोळी, वसईच्या पाचूबंदरचा. प्रशिक्षणाला दोघं एकाच तुकडीत होते. तो पहिला आला, ती दुसरी, आणि फरक अर्ध्या गुणाचा. तेव्हापासून दोघांनी एकमेकांकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. जॉयलच्या खात्यावर शत्रूची पाच यानं होती, शर्वाणीच्या चार. बोका ज्याच्या हातून पडेल त्याचं नाव दलात कायमचं राहणार होतं.

बोक्याला पकडायचं कसं, हा खरा प्रश्न. विमान हवेला रेलून वळतं. अवकाशात रेलायला काही नाही. तिथे वळायचं तर इंजिन पेटवायला हवं, आणि पेटलेलं इंजिन हजारो किलोमीटरवरून चांदणीसारखं दिसतं. म्हणून तिथलं सगळं कसब एकाच गोष्टीत असते: केव्हा पेटवायचं आणि केव्हा गप्प राहायचं. निखतआपांनी नेमका त्याच जागी हात घातला होता. प्रत्येक वैमानिकाचा हात वेगळा असतो. कुणी घाबरला की उजवीकडे जातो, कुणी इंजिन बंद करण्याआधी क्षणभर घुटमळतो. बँकेतला जुना कारकून सही पाहून माणूस ओळखतो, तसं त्यांचं यंत्र ज्योतीचा रंग आणि लय पाहून वैमानिक ओळखत असे. पुरेशा चकमकींची नोंद मिळाली की तो पुढे काय करील हेही सांगे, शंभरात इतके असं. यंत्राचं नाव अदमास. बोक्याच्या एकतीस चकमकी त्याच्या पोटात होत्या आणि रोज सराव-खोलीत शर्वाणीला मारत होता तो अदमासानं उभा केलेला बोकाच.

बत्तिसाव्या वेळी तिचा धीर सुटला. बोका मागे लागला होता, सुटकेची वाट नव्हती. तिनं वैतागून इंजिन बंद केलं, दिवे मालवले आणि लहान पोरानं पाटी फेकावी तशी संकटाच्या हाकेची कळ दाबून टाकली.

बोक्यानं मारलं नाही.

त्यानं तोफ दुसरीकडे वळवली, वेग मोडला आणि तो हळूहळू तिच्याकडे येऊ लागला. दोर टाकायच्या अंतरावर येऊन थांबला.

"आपा," शर्वाणी म्हणाली, "हे काय आहे?"

निखतआपा बराच वेळ नोंदी चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन वेळा असंच केलंय त्यानं. आपलं यान फोडलं, आणि वैमानिक जिवंत बाहेर पडला तर तो तिथून हलला नाही. आपल्याच सुटका-नौकेला जागा कळवली आणि मग गेला. हाक ऐकली की तो जातो. शंभरात चौऱ्याण्णव." त्यांनी चष्मा काढला. "एरवी त्याचा कुठलाच अदमास साठच्या वर जात नाही गं. एवढी एकच गोष्ट पक्की सापडली."

संकटाची हाक ऐकली की जो जवळ असेल त्यानं जायचं, मग तो कुणाचाही असो, हा अवकाशातला पहिला नियम होता. तो कुठल्याही कागदावर नव्हता, आणि युद्धातही तो कुणी मोडला नव्हता.

"मी ही आजची नोंद पुसू शकते," निखतआपा खाली बघत म्हणाल्या. "यंत्रात बिघाड झाला म्हणून सांगते. तू बोल फक्त."

शर्वाणी उठली, बसली, पुन्हा उठली. तिला नाही म्हणायचं होतं की हो, हे तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात दार सरकलं आणि जॉयल आत आला. हातात हातमोजे, ओठावर ते अर्धं हसू.

"झालं का मरून? आता माझी पाळी. आज मी त्याच्यावर एक वेगळाच डाव टाकून बघणार आहे."

वेगळा डाव! आज नाही तर उद्या यालाही हे सापडणार. मग हा पुसायला सांगेल? ती त्याच्या अंगावरून बाहेर पडली आणि मार्गिकेत जवळजवळ पळतच निघाली. तळप्रमुख बर्वेमॅडमच्या दारावर थाप मारली तेव्हा तिला धाप लागली होती.

"मॅडम, बोका कसा सापडेल ते मला समजलंय."

पुढे पुष्कळ दिवसांनी ती स्वतःला विचारी, की जॉयल त्या क्षणी आला नसता तर? उत्तर तिला कधीच पटत नसे.

*

बर्वेमॅडमनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. नियमाबद्दल एक शब्द त्या बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अकरा घरांना मी पत्रं लिहिली आहेत. बारावं लिहायचं नाही मला." दोन दिवसांत बेत ठरला. एका टिटवीनं मोडल्याचं सोंग घेऊन जुन्या बर्फवाटेवर वाहत राहायचं आणि हाक द्यायची. दुसरीनं दडून बसायचं. ज्यानं वाट शोधली त्याचा नेम, म्हणजे तोफ शर्वाणीकडे. आमिष जॉयल.

जॉयलनं तिला भोजनगृहात गाठलं.

"बकरा मी आणि नेम तुझा. छान जमवलंस."

"मी नाही ठरवलं."

"धावत कोण गेलं होतं मग?"

तिनं ताटलीत मान घातली. समोर बसलेला गायतोंडे वातावरण हलकं करायला म्हणाला, "अरे, बोका मेला की बांगड्याची पार्टी माझ्याकडून. गोठवलेला का होईना." कुणी हसलं नाही.

जॉयल तिच्या शेजारच्या बाकावर टेकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या बंदरात बुडत्या होडीचा बावटा दिसला ना, की पाण्यातलं जाळं तोडून टाकतात आणि जातात. आख्ख्या हंगामाचं जाळं. होडी दुश्मनाची असली तरी. माझा आजा भावकीतल्या वैऱ्याला काढायला गेला होता, तो परत आलाच नाही."

"मग नाही म्हण. तू नाही म्हणालास तर बेत मोडेल."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि मग तू सांगशील, जॉयल घाबरला."

ती असं म्हणाली नसती. पण तिच्या मनात ते आलं असतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

चंद्राची राखाडी कड खाली सरकत होती. शर्वाणीची टिटवी एका सोडून दिलेल्या इंधनटाकीच्या सावलीला चिकटून होती. उष्णता दिसू नये म्हणून इंजिन पार थंड केलेलं. ते पुन्हा तापवून निघायला चाळीस मिनिटं लागणार होती. तोफ मात्र विजेवर चालत असल्यानं तयार होती. बोटभर लांबीचे धातूचे खिळे, एक लागला तरी पुरे. साठ किलोमीटरवर जॉयलची टिटवी गिरक्या घेत वाहत होती आणि उघड्या लहरीवर त्याच्या आवाजातली संकटाची हाक सारखी जात होती. सोंग खरं वाटावं म्हणून त्यानं आधीच थंडाव्याचा वायू बाहेर सोडला होता. दोघांमध्ये बोलायला प्रकाशाची एक बारीक तार होती, बाहेरच्या कुणाला ऐकू न येणारी.

पाच तास झाले. शर्वाणीच्या पायाला मुंग्या आल्या. ती सारखी तोफेची खूण तपासत होती, श्वास मोजत होती, मग आकडा विसरत होती.

"शर्वाणी." जॉयलचा आवाज वेगळा होता. "एक गडबड झालीये."

"काय?"

"वायू सोडला ती झडप बंद होईना. सगळं गोठलंय तिथं. त्यानं हवेची नळी तडकवली. पट्टी लावून बघितली, धरत नाही." तो थांबला. "सव्वीस मिनिटं पुरेल एवढी हवा आहे."

तिनं तळाला विचारलं. सर्वांत जवळची सुटका-नौका तीन तासांवर होती. तिचा हात इंजिनाच्या कळीकडे गेला.

"सुरू करू नकोस!" तो ओरडला. "तापलीस की दिसशील त्याला. आणि चाळीस मिनिटं लागणार तुला. उपयोग काय?"

उपयोग नव्हताच. तिनं कळ दाबली. नुसतं बसून राहणं तिच्यानं झालं नसतं, एवढंच.

टिटवी थरथरू लागली. काळ्या आकाशात ती आता निखाऱ्यासारखी दिसत असणार. आणि बरोबर अकराव्या मिनिटाला, चंद्राच्या कडेवर, एक चांदणी पेटली.

अदमासाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: बोका. खात्री शंभरात नव्व्याण्णव.

तो सरळ आला. वळणं नाहीत, हुलकावणी नाही. बाजूला एक लढाऊ यान तापत बसलंय हे त्याला दिसत नसणं शक्यच नव्हतं. त्यानं जॉयलच्या गिरकीशी आपली गिरकी जुळवली, इंजिन बंद केलं आणि थांबला.

"निदान एकवीस सेकंद स्थिर राहील," अदमास सांगत होता. "सत्त्याण्णव."

"नलावडे," कानात बर्वेमॅडमचा आवाज, "मार त्याला. हा आदेश आहे."

"मार," जॉयल म्हणाला. त्याला आता धाप लागत होती. "माझा विचार करू नकोस. पुन्हा असा सापडायचा नाही."

शर्वाणीनं तोफेचा अटकाव काढला. लाल दिवा लागला. खूण बोक्याच्या यानाच्या मधोमध, अजिबात न हलता. अकरा मेलेल्या माणसांतल्या सातांना ती ओळखत होती. पण बोका मेला की जॉयलला काढणारं कुणी उरत नव्हतं. आणि बोका जगला तर आणखी किती?

मग बोक्याच्या यानाचं झाकण उघडलं आणि एक माणूस बाहेर आला.

एवढं तिच्या ध्यानात कधीच आलं नव्हतं. सराव-खोलीतल्या बोक्यात माणूस नव्हता. हा जाडसर, जुना सूट घातलेला, दोराला धरून हाताहातानं सरकत जॉयलच्या टिटवीपाशी पोहोचला. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्यानं तळव्यानं काचेवर दोनदा थाप मारली, शेजाऱ्याच्या दारावर मारावी तशी. आणि कमरेच्या पिशवीतून हवेची नळी काढून तो जोडणी शोधू लागला.

शर्वाणीचं बोट कळीवरच होतं. जॉयल आता काही बोलत नव्हता. बर्वेमॅडम बोलत होत्या.

तिनं बोट काढलं.

बोक्यानं जॉयलची केबिन सोडवून आपल्या यानाला बांधली. त्याला पंधरा मिनिटं लागली आणि त्या सगळ्या वेळात ती पाहत राहिली. निघण्यापूर्वी उघड्या लहरीवर तुटक इंग्रजीत एक म्हातारा आवाज म्हणाला, "तुमचा माणूस घेतला. जिवंत आहे." तिचं इंजिन अजून तापलेलं नव्हतं, ती आयती समोर होती. तो तिच्यावर एकही खिळा न झाडता निघून गेला.

*

एकोणीस दिवसांनी बोक्यानं गायतोंडेला मारलं. हाक द्यायला तो उरलाच नाही.

चौकशीत बर्वेमॅडमनी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी तू आदेश पाळला असतास, तर महादेव आज या खोलीत असता. बरोबर?"

"हो, मॅडम."

"मग?"

शर्वाणीचं उड्डाण काढून घेतलं, तिला कोठाराच्या कामावर टाकलं. सुट्या भागांच्या फळ्यांमधून ती दिवसभर येरझाऱ्या घाली. भोजनगृहात तिच्या शेजारची जागा कुणी घेत नसे. तिलाही ते बरोबरच वाटे.

पण सापळा फुकट गेला असला तरी त्याची कल्पना मुख्यालयाला आवडली होती. दोन महिन्यांत दुसऱ्या तळांनी खोट्या हाका द्यायला सुरुवात केली. मग वसाहतींनीही दिल्या. चौथ्या-पाचव्या सापळ्यानंतर दोन्हीकडच्या वैमानिकांनी हाक ऐकायचे संचच बंद करून टाकले. आठ माणसांची एक पाणवाहू नौका नऊ तास ओरडत राहिली. तिच्यापासून वीस मिनिटांवर तीन यानं होती. कुणी गेलं नाही. ती बातमी आली तेव्हा निखतआपा कोठारात येऊन शर्वाणीशेजारी खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुला विचारायलाच नको होतं गं. पुसून टाकायला हवं होतं, न विचारता."

"आणि मी धावायला नको होतं," शर्वाणी म्हणाली.

*

तह व्हायला आणखी चौदा महिने लागले. कैद्यांना घेऊन आलेली नौका अगस्तीला लागली, त्यातून जॉयल उतरला तेव्हा तो निम्मा झाला होता. केस पांढरे. तो इकडेतिकडे बघत सरळ कोठारात आला.

"तू इथे आहेस म्हणून समजलं."

"बस," ती म्हणाली. खोक्यावरची धूळ तिनं हातानं पुसली.

तो बसला आणि म्हणाला, "त्या बोक्याचं नाव इवो करास. बासष्ट वर्षांचा. युद्धाआधी वीस वर्षं सुटका-नौका चालवायचा. मला भेटायला दोनदा आला तुरुंगात."

"आता कुठे आहे?"

"गेला. तहाच्या आधी सहा दिवस. आपल्याच कुठल्यातरी तळानं हाक दिली होती. सगळ्यांनी संच बंद केले होते, यानं केला नव्हता."

शर्वाणी उठून उभी राहिली. दोन पावलं गेली, परत आली.

"मी त्याला विचारलं होतं," जॉयल म्हणाला, "सापळा आहे हे तुला कळलं नाही का? तर म्हणाला, कळलं की. ती दुसरी तापत होती ती दिसली मला. मग आलास कसा? म्हणाला, हाक आधी ऐकली, ती नंतर दिसली." तो खोक्यावर पुढे सरकला. "त्यांच्याकडेही असलंच यंत्र आहे, शर्वाणी. त्यात तुझा हात होता. तू मारशील, शंभरात अठ्ठ्याऐंशी. हे वाचून तो दार उघडून बाहेर आला."

"यंत्र चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मी अटकाव काढला होता. अकरा सेकंद मी मारणारच होते."

"मी तुझ्या जागी असतो तर मारलंच असतं." तो तिच्याकडे सरळ बघत होता, बहुतेक पहिल्यांदाच. "तोंडानं मार म्हणत होतो आणि पोटातून देवाला सांगत होतो की ही मला नेहमीसारखी विरोध करू दे."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं.

"त्याला मुलगी आहे," जॉयल म्हणाला. "चंद्रावर शाळेत शिकवते. बाप कसा गेला ते तिला धड कुणी सांगत नाही. पत्ता आहे माझ्याकडे. त्याला काही झालं तर तिला लिहीन असा शब्द दिला होता मी त्याला, पण मला लिहिता येत नाहीये."

शर्वाणीनं पत्ता घेतला. सुट्या भागांच्या यादीचा पडदा बाजूला सारून ती लिहायला बसली. तीनदा लिहून पुसलं. चौथ्यांदा लिहिलं ते तिनं मोठ्यानं वाचलं.

"तुमचे वडील ज्या डावाने मारले गेले तो डाव मी शोधून काढला. हाक ऐकली की ते जातात, हे मला एका यंत्राकडून कळले आणि मी ते धावत जाऊन सांगितले. मला कुणी भाग पाडले नव्हते."

"हे कशाला?" जॉयल कळवळून म्हणाला. "तिला यातलं काय माहीत? ते मदतीला गेले आणि मारले गेले, एवढं लिही. युद्ध संपलंय आता."

"तिला माहीत नाही म्हणूनच लिहायचं."

"ती तुला शाप देईल."

"देऊ दे."

जॉयल खोक्यावरून उठला. कोठाराच्या दारापर्यंत गेला, तिथे चौकटीला हात लावून पाठमोरा उभा राहिला. मग परत येऊन तिच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला.

"पहिली खोटी हाक माझ्या आवाजात होती," तो म्हणाला. "तेही लिही. आणि खाली नाव घालशील तेव्हा माझंही घाल."

"कुणाचं आधी?"

त्यानं दुसरं खोकं जवळ ओढलं.

"घाल तुझ्या मनाला येईल तसं," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.